मार्गशीर्षात थांबणारं घड्याळ

तुमच्या घरात बंद पडलेलं एखादं घड्याळ आहे का? मनगटावरचं नव्हे, भिंतीवरचं. लाकडी पेटी, पुढे काचेचं दार, आत पितळी लंबक. बहुतेक घरांत ते माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे पडलेलं असतं आणि दर दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी म्हणतं, ‘याचं काहीतरी करायला पाहिजे.’ असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नसेल तर मामाला, आत्याला, गावाकडच्या काकांना फोन करून विचारा. कुठेतरी असणारच.

आमचं माळ्यावर नव्हतं. सोलापुरात साखर पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात, दारासमोरच्या भिंतीवर ते होतं आणि वर्षातले नऊ-दहा महिने व्यवस्थित चालायचं. प्रश्न उरलेल्या दिवसांचा होता. आमचं घड्याळ मार्गशीर्षात थांबायचं.

कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. आजोबा २०११ च्या मार्गशीर्षात गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आठवड्यात एके दिवशी पहाटे घड्याळ बंद पडलं. मी तेव्हा दुसरीत होते, पण त्या सकाळची शांतता मला आठवते. त्यानंतर दर वर्षी तेच. आजी म्हणायची, ‘ते येऊन बसतात घड्याळापाशी. हात लावू नका कुणी.’ कुणी लावतही नव्हतं. महाशिवरात्र झाली की काका लंबकाला बोटाने हलकासा झोका द्यायचे आणि घड्याळ पुन्हा सुरू. अगदी खरं सांगायचं तर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मीसुद्धा हे मानत होते. म्हणजे मानत नव्हते, पण तपासायलाही जात नव्हते. तुमच्या घरातही अशा दोन-चार गोष्टी असतील, ज्या कुणी तपासत नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात सेमिस्टर संपवून मी घरी आले तेव्हा घड्याळ नुकतंच थांबलं होतं. जेवताना काका सहज म्हणाले, ‘आतलं मशीन काढून टाकू आणि सेलचं बसवू. शे-दीडशेत येतं. बाहेरून तसंच दिसेल, बाराही महिने चालेल.’ सूचना वाईट नव्हती. असं केलेली घड्याळं तुम्ही पाहिलीही असतील. काटे फिरतात आणि लंबक नुसता शोभेला लटकत असतो. आजी काही बोलली नाही. फक्त ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून उठली.

मी काकांकडे गड्ड्यापर्यंतची मुदत मागितली. (बाहेरगावच्या वाचकांसाठी : गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी आमच्या सिद्धेश्वराची यात्रा. सोलापुरात ‘गड्ड्याच्या आत’ आणि ‘गड्ड्यानंतर’ अशीच कामाची विभागणी असते.)

भोंग्याला लावलेलं घड्याळ

आधी ओळख करून देते. हे घड्याळ पणजोबांनी घेतलं. ते इथल्या जुन्या मिलमध्ये होते. १८७७ मध्ये सुरू झालेली ही गिरणी शहरातली पहिली, म्हणून तिचं नाव पुढे ‘जुनी मिल’च पडलं. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या आणि सोलापूर भोंग्यांवर चालायला लागलं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा द्यायचा. घरात घड्याळ असण्याची गरज नव्हती, म्हणूनच ते असणं मोठी गोष्ट होती. पणजोबा रोज पहाटेच्या भोंग्याला ते लावायचे, आणि कधी फरक पडला तर ‘आज मिलचा भोंगा चुकला’ म्हणायचे, असं आजी सांगते. ती सून म्हणून आली तेव्हा या घरात पंख्याआधी घड्याळ होतं.

तबकडीवर नाव आहे सेइकोशा. किंतारो हात्तोरी नावाच्या जपानी व्यापाऱ्याने १८९२ मध्ये तोक्योत हा कारखाना काढला आणि सुरुवात भिंतीवरच्या घड्याळांपासूनच केली. हेच घराणं पुढे सेइको म्हणून जगाला माहीत झालं. गंमत बघा, २५ डिसेंबर १९६९ ला जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं ते यांनीच. क्वार्ट्झचा एक चिमुकला तुकडा सेलवर थरथरवायचा आणि त्या थरथरण्यावरून सेकंद मोजायचे. आजच्या बहुतेक सेलवाल्या घड्याळांत तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. काका जे शे-दीडशेचं मशीन आणणार होते ते याच शोधाचं पोर. म्हणजे आमचं घड्याळ बनवणाऱ्यांनीच आमच्या घड्याळाला भिंतीवरून उतरवायची सोय करून ठेवली होती.

आमच्या घड्याळात सेल नाही. तबकडीवर किल्लीची दोन भोकं आहेत. उजवीकडचं चालीच्या स्प्रिंगचं, डावीकडचं ठोक्याच्या. दर रविवारी दोन्हींना चावी दिली की आठवडा निघतो. दर तासाला तेवढे ठोके आणि अर्ध्या तासाला एक. हिशेब करून बघा, दिवसाला १८० ठोके होतात. एवढी सगळी ताकद त्या गुंडाळलेल्या पोलादी पट्टीतून येते. ती एकदम सुटून जाऊ नये म्हणून शेवटच्या टोकदार दात्यांच्या चाकावर नांगराच्या आकाराचा एक तुकडा बसवलेला असतो. लंबक एका बाजूला गेला की तो तुकडा एक दाता सोडतो, दुसऱ्या बाजूला गेला की पुढचा अडवतो. टिक आणि टॉक म्हणजे ते अडवणं. लंबकाच्या झोक्याला घड्याळाच्या कामाला जुंपलं ते डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने, १६५६ मध्ये. बारावीत T = 2π√(L/g) पाठ करताना हे कुणी दाखवलं असतं तर मला तो धडा ऑप्शनला टाकावा लागला नसता.

पहाटे बंद, दुपारी सुरू

पहिल्या दिवशी मी दुपारी दोनला, आजी झोपलेली असताना, लंबकाला हळूच झोका दिला. घड्याळ सुरू झालं. मी घाबरून ते थांबवणार होते, पण थांबवलं नाही. रात्री दहाचे ठोके पडले तेव्हा आजीने स्वयंपाकघरातून एकदा बाहेर डोकावून पाहिलं आणि परत गेली. पहाटे मी उठून पाहिलं, पावणेपाचला बंद. दुपारी पुन्हा झोका, पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला बंद.

सलग चार दिवस मी वहीत वेळा लिहिल्या. तुम्ही कुठलंही बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला घ्याल तेव्हा स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही घ्या. बिघाड कधी होतो हे कळलं की का होतो याचं निम्मं उत्तर मिळतं. माझ्या वहीत पहाटे चार ते साडेपाच याशिवाय दुसरी वेळच नव्हती. आजोबा येत असतील तर दिवसातून एकदाच, आणि तेही सगळ्यात थंड वेळेला येत होते.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो घड्याळाकडे बघून नाहीच. पाचव्या दिवशी सकाळी मी न्हाणीघरात डोक्याला लावायला खोबरेलाची बाटली उलटी केली आणि काही आलं नाही. तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं. हिवाळ्यात महाराष्ट्रात प्रत्येक घरी ही बाटली उन्हात किंवा गरम पाण्याच्या तांब्यात उभी असते. खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठतं. सोलापूरची थंडी काही महाबळेश्वरची नव्हे, पण डिसेंबरात पहाटे पारा १५-१६ च्या आसपास येतो आणि आमचा सोपा तर उत्तरेला उघडा. दुपारी पुन्हा तिशी. मी बाटली हातात घेऊन तशीच सोप्यात आले आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. ‘केस बांध की आधी,’ आजी म्हणाली.

तिला मी काहीच विचारलं नाही. दर दिवाळीला पहाटेच्या अभ्यंगाच्या वेळी सगळ्यांच्या डोक्याला तेल घालून झालं की आजी स्टुलावर चढते, घड्याळाचं दार उघडते आणि वाटीतलं उरलेलं खोबरेल काडीने आत सोडते, हे मी लहानपणापासून बघत आलेय. घरातल्या माणसांना तेल, तसं घड्याळालाही. आजोबा गेल्यावर हे काम तिनेच हातात घेतलं होतं.

आता माझी अडचण समजून घ्या. घड्याळ का थांबतं हे मला कळलं होतं. पण ते मी सांगायचं कसं? ‘आजी, आजोबा येत नाहीत, तू घातलेलं तेल गोठतं’ हे वाक्य मराठीत कुठल्याही पद्धतीने बोलून बघा. नीट होत नाही.

‘घड्याळ नको आणू, मला ने’

तेल बदलायचं म्हणजे यंत्र उघडायचं. ऑनलाइन व्हिडिओ बघून मला वाटलं, चार स्क्रू तर आहेत. तरी एकदा विचारावं म्हणून नवी पेठेत एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. डोळ्याला भिंग लावलेलंच ठेवून त्यांनी माझं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘स्प्रिंगची ताकद कशी काढशील बेटा?’ मला उत्तर येईना. मग त्यांनी डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. त्यावर नखापासून मनगटाकडे गेलेला एक जुना पांढरा वण होता.

हे इथे जरा सावकाश वाचा, कारण घरी करायचं काम आणि घरी न करायचं काम यातली रेषा इथेच आहे. चावी दिलेली स्प्रिंग म्हणजे आठवड्याची ताकद दाबून बसलेलं पोलाद. आमच्या घड्याळात ती डबीतही बंद नसते, उघडीच असते. ती उतरवल्याशिवाय पितळी पत्र्यांचे स्क्रू काढले तर एका क्षणात सगळं सुटतं. चाकांचे दाते जातात, बोटं जातात. त्यामुळे पत्रे उघडणं हे ज्याला येतं त्याच्यासमोर बसूनच करायचं. मी केलं ते असंच. चाचा म्हणाले, ‘दुकानात आणलंस तर मी करीन. पण तुला शिकायचंय ना? घड्याळ नको आणू, मला ने. भिंतीवरचं घड्याळ भिंतीवर बघायचं असतं.’ रविवारी दुपारी ते स्वतःची पिशवी घेऊन साखर पेठेत आले.

आल्यावर त्यांनी यंत्राला हात लावला नाही. खुर्चीवर बसले, घड्याळ सुरू करायला सांगितलं आणि डोळे मिटले. ‘लंगडतंय,’ म्हणाले. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून त्याची लाट स्क्रीनवर पाहिली. खरंच, टिकनंतर टॉकपर्यंतचं अंतर कमी आणि टॉकनंतर टिकपर्यंतचं जास्त. तीन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा घड्याळ काढून परत टांगलेलं, ते किंचित तिरपं बसलं होतं. चाचांनी पेटीचं खालचं टोक बोटभर डावीकडे सरकवलं, ऐकलं, थोडं परत आणलं. टिक, टॉक एकसारखं. भिंतीवर पेन्सिलची खूण केली. तुमच्या घरचं जुनं घड्याळ दोन मिनिटं चालून बंद पडत असेल तर दुरुस्तीला नेण्याआधी फक्त एवढं करून बघा. कान आणि बोट, दुसरं काही लागत नाही. बंद पडलेली कित्येक घड्याळं बिघडलेली नसतातच, तिरपी असतात.

मग लंबक काढला. तो एका अगदी पातळ पोलादी पट्टीला अडकवलेला असतो. हिसका दिला तर ती पट्टी मोडते, म्हणून किंचित वर उचलून सोडवायचा. मिनिटकाट्याची पिन, मग काटे, मग यंत्र धरून ठेवणारे स्क्रू. प्रत्येक पायरीला मी फोटो काढत होते आणि स्क्रू आइस ट्रेच्या खणांत क्रमाने ठेवत होते. चाचांना तो ट्रे फार आवडला. तबकडी मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तेव्हा मात्र ओरडले. जुन्या तबकडीवरचा रंग आणि अंक पाण्याने निघून येतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ उडवायची, बास. पिवळेपणा राहू द्यायचा.

यंत्र बाहेर आलं आणि पेटीच्या मागच्या फळीवर, यंत्राने झाकलेल्या जागी, पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. आजोबांचं अक्षर. ‘मशीन तेल – दिवाळी ८९’. खाली ९०, ९१. एकाखाली एक नीट ओळीने वर्षं, शेवटची २०११. त्यानंतर फळी कोरी.

स्प्रिंग उतरवण्याचं काम चाचांनी मला करू दिलं नाही. जाड तारेची कडी घालून आधी दोन्ही स्प्रिंगा बांधल्या, मग किल्ली मुठीत घट्ट धरून खटका उचलला आणि एक एक दाता करत ताकद सोडली. तेवढा वेळ ते कुणाशी बोलले नाहीत. पत्रा उचलला आणि वास आला. जुन्या खोबऱ्याचा, खवट, ओळखीचा.

आजी दारात उभी होती. कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ‘हा माझ्या बाटलीचा वास आहे,’ ती म्हणाली.

मी सांगायचं वाक्य पंधरा दिवस शोधत होते. ते तिनेच बोलून टाकलं. ती आत आली, पेटीच्या फळीवर वाकली, चष्मा वर करून ती पेन्सिलीतली वर्षं वाचली. ‘मशीन तेल’वर बोट ठेवलं. शिलाई मशीनचं तेल, जे आजोबा दर दिवाळीला कपाटातून काढून न बोलता घालायचे आणि जे घरात कुठे ठेवलेलं असतं हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ‘म्हणजे मीच थांबवत होते होय,’ आजी म्हणाली.

खोलीत कुणालाच काही सुचेना. चाचांनी भिंग डोळ्यावरून काढलं. ‘आजी, बारा वर्षं तुम्ही तेल घातलंत म्हणून ही भोकं एवढीच झिजली. कोरडं चाललं असतं तर आज उघडायला काय राहिलं असतं?’ आजीने त्यांच्याकडे बघितलं, मग चहा टाकायला गेली. नंतर मी वाचलं की खवट झालेल्या खोबरेलातलं आम्ल पितळेला हिरवं करतं. आतल्या पत्र्यांवर तसे डाग होतेही. चाचांनी अर्धंच सांगितलं होतं. पण चहा घेऊन ती परत आली तेव्हा स्टूल ओढून आमच्यात बसली, हे त्या अर्ध्यामुळेच.

पुढचे तीन तास मी शिकले ते असं. एकेक चाक पांढऱ्या पेट्रोलमध्ये जुन्या टूथब्रशने घासायचं, तेही अंगणात. त्या वेळी शेगडी, निरांजन काहीही जवळ नको. पत्र्यांतली बारीक भोकं, ज्यांत चाकांच्या आसांची टोकं फिरतात, ती ब्रशने साफ होत नाहीत. काडेपेटीतली काडी टोकदार तासायची, भोकात फिरवायची, काळी होऊन आली की पुन्हा तासायची, आणि काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हेच. आजीने अशा चाळीसेक काड्या तासल्या. विळीवर. एवढ्या सारख्या टोकाच्या की चाचा म्हणाले, ‘माझ्याकडं कामाला या.’

एक भोक लांबट झालेलं निघालं. त्याच्याभोवती कुणीतरी पूर्वी पोगराने तीन ठिपके ठोकून पितळ आत दाबलेलं होतं. जुना जुगाड, थोडे दिवस चालतो. आता तिथे नवं बुश बसवायला हवं होतं आणि ते आमच्या सोप्यात होण्यासारखं नव्हतं. तो पत्रा चाचा दुकानात घेऊन गेले आणि मंगळवारी परत आणला. घरी दुरुस्त करायचं म्हणजे सगळं घरीच करायचं असं नाही, हे मला तेव्हा पटलं. आपल्या हाताची हद्द कळली की उरलेलं निवांत करता येतं.

जोडणी झाली आणि तेलाची पाळी आली. चाचांच्या बाटलीतलं घड्याळाचं तेल करंगळीएवढं. सुईच्या टोकाने प्रत्येक आसाच्या टोकाला एक ठिपका, त्या नांगराला एक ठिपका. दात्यांना अजिबात नाही, कारण दात्यांवरच्या तेलात धूळ बसते आणि धूळ पितळ खाते. ‘घड्याळाला तेल पाजायचं नसतं, दाखवायचं असतं,’ चाचा म्हणाले. सुई आजीच्या हातात होती. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

एक मिलिमीटर म्हणजे तीन मिनिटं

घड्याळ सुरू झालं तेव्हा ठोके चुकले. सव्वाचारला सुरू केलं, पाच वाजता सात ठोके पडले. तुमच्याकडेही असं होईल, घाबरू नका. आमच्यासारख्या जुन्या घड्याळांत ठोक्याचं चाक काट्यांकडे बघत नाही. ते आपलं चार झाले, पाच झाले, सहा झाले असं क्रमाने पुढे जातं. जितके ठोके पडले तिथे तासकाटा हाताने हलकेच फिरवून आणायचा आणि मग मिनिटकाटा पुढे नेत, प्रत्येक ठोका पूर्ण होऊ देत, खऱ्या वेळेवर यायचं. मिनिटकाटा मागे मात्र कधीही फिरवायचा नाही.

त्यानंतरचं काम महिनाभर चाललं आणि मला सगळ्यात जास्त मजा त्यात आली. लंबकाच्या खाली एक छोटा नट असतो. तो वर चढवला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे जातं, खाली उतरवला की मागे. आमचा लंबक लटकतो तिथपासून वीतभर. सूत्रात घालून बघितलं तर एवढ्या लांबीत एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला सुमारे तीन मिनिटं. म्हणून नट पाव फेरा फिरवायचा, चोवीस तास थांबायचं, वहीत लिहायचं. रीलच्या जमान्यात एका पाव फेऱ्यासाठी दिवस थांबणं अवघड जातं. तिसऱ्या आठवड्यात आम्ही दिवसाला पाच सेकंदांवर आलो.

आणि मग सोलापूरचा उन्हाळा आला. लंबकाची दांडी पोलादी, उष्णतेने लांबणारी. दर अंशाला दिवसाला साधारण अर्धा सेकंद घड्याळ मागे पडतं. जानेवारीत सोप्यात २२ असतं, मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि सोप्यातही ३८. म्हणजे सोळा अंश, म्हणजे दिवसाला आठ सेकंद, म्हणजे आठवड्याला जवळजवळ एक मिनिट. वहीतला आकडा सूत्राशी जुळला त्या दिवशी मी एकटीच गच्चीवर जाऊन नाचले. हे हॉस्टेलवर कुणाला सांगू नका.

घड्याळ लावायचं कशाला, हाही एक वाद झाला. भोंगे कधीच गेले. गिरण्या एकेक करत बंद पडल्या. मी अर्थातच मोबाइलला लावलं. काका म्हणाले, ‘मोबाइलची वेळ तरी आपली कुठंय?’ आणि ते बरोबर बोलले. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून, ८२.५ अंश रेखांशावरची. सोलापूर त्याच्या पश्चिमेला. आमच्या डोक्यावर सूर्य सरासरीने बारा वाजून २६ मिनिटांनी येतो. मुंबईत तर त्या वर्षी गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध आंदोलन केलं होतं आणि ‘बॉम्बे टाइम’ तिथे पुढेही कित्येक वर्षं चालत राहिला, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजीला या वादात रस नव्हता. तिचं म्हणणं एवढंच, की साडेसातच्या बातम्यांना ते बरोबर पाहिजे.

काकांनी सेलच्या मशीनचा विषय परत काढला नाही. फळीवर ‘दिवाळी २०११’च्या खाली बरीच जागा सोडून मी ‘घड्याळाचं तेल – जानेवारी २०२५’ असं लिहिलं. आधी आजीला म्हटलं, तू लिही. ती म्हणाली, ‘तूच लिही. पुढं तुलाच बघायचंय.’

या दिवाळीला पहाटे सगळ्यांची अंघोळ झाल्यावर आजी वाटी घेऊन सोप्यात आली. स्टुलापाशी गेली, एक हात स्टुलावर ठेवला आणि थांबली. मी उंबऱ्यातून बघत होते, काही बोलले नाही. ती वळली, मला समोर बसवलं आणि वाटीतलं सगळं उरलेलं तेल माझ्या डोक्यावर ओतलं. एकदा न्हाऊन झालं होतं माझं. पुन्हा न्हावं लागलं.

मार्गशीर्ष लागला तेव्हा मी मुद्दाम घरी आले होते. थंडी चांगली होती. न्हाणीघरातली बाटली गोठलेली. मला झोप लागेना. चार वाजले, चार ठोके पडले. साडेचारला एक. मी उठून सोप्यात गेले तर आजी आधीच खुर्चीवर बसलेली, शाल गुंडाळून, घड्याळाकडे तोंड करून. मी तिच्या पायाशी बसले. पाच वाजले. पाच ठोके आम्ही दोघींनी मोजले.

‘यंदा नाही थांबलं,’ ती म्हणाली. चांगलं झालं म्हणाली की वाईट, मला आवाजावरून कळलं नाही. मग जरा वेळाने तिने विचारलं, ‘पण पुढं गेलंय नव्हं? मोबाइल बघ की.’

पुढे गेलं होतंच. थंडीने दांडी आखडलेली, मिनिटभर पुढे. मी नट फिरवायला उठले तर तिने मला हाताने खाली बसवलं. ‘राहू दे. ते पण पुढंच ठेवायचे. मिलचं गेट बंद व्हायचं नाही तर.’